धूर वरच जातो

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने रचली त्याच्या काळी विमाने नव्हती. नाही तर 'विमानतळ पाहावा उघडून' हे तिसरे कलम त्याने खात्रीने घातले असते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मी स्वतः केल्या आहेत. लग्न बरे पार पडले, म्हणजे अजून चालू आहे. घर १९८६ साली पुण्यात बांधले. विमानतळ मात्र मी बांधलेला नाही. तो जर्मनीने आपल्या राजधानीसाठी, म्हणजे बर्लिनसाठी बांधला. पण त्या विमानतळाचे आणि आमच्या घराचे जे नाते निघाले ते सख्ख्या भावकीतले आहे, आणि तेच आज सांगायचे आहे.

सुरुवात झाली ती आमच्या भाच्यापासून. मंदार बर्लिनला नोकरी करतो. २०१२ च्या आरंभी त्याने फोन केला, "मामा, मामीला घेऊन याच. तीन जूनला इथला नवा विमानतळ उघडतोय. तुम्ही पाच तारखेला उतरा. त्याच्यावर उतरणारे तुम्ही पहिले पुणेकर!" आता 'पहिला पुणेकर' या पदवीसाठी पुणेकर काय करणार नाही? मी तिकिटे काढली, बंद गळ्याचा कोट रफू करून आणला आणि सकाळी दूध आणायला जाता-येता गल्लीतल्या प्रत्येकाला 'अजून चार आठवडे' अशी उलटगणती ऐकवू लागलो.

आठ मे रोजी पुन्हा फोन आला. "मामा, विमानतळ पुढे ढकललाय."

"किती पुढे?" मी विचारले. माझ्या डोळ्यांपुढे शेकडो जर्मन बाह्या सरसावून विमानतळाला मागून रेटा देताहेत असे चित्र उभे राहिले होते.

"तसं नाही हो. उद्घाटन पुढे ढकललं. धुराचा काहीतरी घोटाळा झालाय म्हणे."

मी फोन ठेवला आणि सौभाग्यवतींना ही वार्ता सांगितली. तिने मेथी निवडता निवडता एकच वाक्य उच्चारले. "म्हणजे त्यांच्याकडेही तुमच्यासारखंच कुणीतरी आहे."

या वाक्याचा अर्थ कळायला आमची वास्तुशांत माहीत असायला हवी.

घर लहानसेच होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे एक बैठकीची खोली. पण ती बैठकीची खोली म्हणजे माझा प्राण होता. रस्त्यावरून जाणाऱ्याने पाहिले की त्याची सायकल दोन क्षण थबकली पाहिजे, अशी समोरची भिंत मला हवी होती. कोरी, सपाट आणि डौलदार. धोंडिबा नावाचे एक वयस्क गवंडी कामावर होते. ते एक दिवस भिंतीकडे बघत म्हणाले, "सायेब, वर झरोका न्हाई ठिवला."

"नकोच आहे. समोरून भोकं दिसतात."

"धूर वर जातो, सायेब."

"अहो धोंडिबा, ही बैठकीची खोली आहे. इथे चूल थोडीच मांडणार आहोत?"

धोंडिबांनी थापीवरचा माल निपटला आणि ते पुन्हा म्हणाले, "ते बरुबर. पन धूर वरच जातो." मी दुर्लक्ष केले. पत्रिका छापायला गेल्या होत्या, गुरुजींनी गुरुवारचा मुहूर्त काढला होता आणि ऐंशी पानांची ऑर्डर आचाऱ्याला दिली होती. अशा वेळी गवंड्याचे कोण ऐकतो?

वास्तुशांतीचा होम बैठकीच्या खोलीतच पेटला. धूर धोंडिबांच्या सांगण्याप्रमाणे वर गेला. वर त्याला वाट मिळाली नाही म्हणून तो खाली आला, आणि खाली ऐंशी माणसे होती. गुरुजींचे मंत्र खोकल्याच्या तालावर पुढे सरकू लागले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. 'स्वतःचं घर झालं ना, भरून आलं बिचाऱ्याला,' असे एक आत्या म्हणाल्या आणि त्याही रडू लागल्या. शेजारचे गृहस्थ बादली घेऊन धावत आले. जेवणाची पाने शेवटी रस्त्यावर मांडली. घराची समोरची बाजू अशा रीतीने सर्वांनी पोटभर पाहिली.

तर बर्लिनमध्ये काय झाले? गोष्ट जरा मागून सांगायला हवी.

दुसरे महायुद्ध संपल्यावर बर्लिन शहर चार विजेत्यांनी वाटून घेतले आणि १९६१ मध्ये मधोमध भिंत उभी राहिली. भावाभावांत भिंत पडली की चुली वेगळ्या होतात, तसे विमानतळही वेगळे झाले. पश्चिम बर्लिनकडे टेम्पेलहोफ आणि टेगेल, आणि पूर्वेकडच्यांचा श्योनेफेल्ड. १९८९ मध्ये भिंत पडली, १९९० मध्ये दोन्ही जर्मन्या एक झाल्या, आणि १९९१ च्या जूनमध्ये तिथल्या संसदेने बॉन सोडून बर्लिनला बिऱ्हाड हलवायचे ठरवले. तेही ३३८ विरुद्ध ३२० अशा काठावरच्या मतांनी. राजधानी म्हटली की परदेशचे पाहुणे येणार. आणि घरात तीन चुली असल्या तरी पाहुण्यांना बसवायला एकही धड बैठकीची खोली नव्हती. तेव्हा एकच मोठा, देखणा, आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधायचे ठरले.

कुठे बांधायचा यावर काही वर्षे गेली. एक पक्ष म्हणे दूर दक्षिणेला श्पेरेनबेर्गला बांधा, तिथे वस्ती विरळ आहे, आवाजाचा त्रास कमी. दुसरा म्हणे इतक्या दूर जायचे कोणी, जवळच्या श्योनेफेल्डलाच मोठा करा. १९९६ मध्ये केंद्र सरकार, बर्लिन राज्य आणि भोवतालचे ब्रांडेनबुर्ग राज्य या तिन्ही मालकांनी श्योनेफेल्डवर शिक्का मारला. जवळ म्हणून तो पत्करला. आणि जवळ असल्यामुळेच आवाजाच्या तक्रारी, कोर्टकज्जे आणि रात्रीच्या उड्डाणांवरचे निर्बंध हे सगळे ओघाने आले. घराजवळ शाळा हवी आणि शाळेची घंटा मात्र ऐकू येऊ नये, असे म्हणणारे पालक आपण पाहिले आहेत, त्यातलाच हा प्रकार.

धावपट्टीच्या आड डीपेनझे नावाचे एक गाव येत होते. वस्ती तीनशेच्या वर. ते गाव उचलून क्योनिग्स व्हुस्टरहाउझेन नावाच्या गावाशेजारी नेऊन ठेवले, नाव तेच ठेवले, आणि लोक २००४ च्या सुमारास नव्या घरांत राहायला गेले. म्हणजे ज्यांना विमानतळ नको होता त्यांची वास्तुशांत वेळेवर झाली आणि ज्यांना हवा होता ते पुढे सोळा वर्षे ताटकळले. हे वाचून आपण फार हसू नये. नव्या मुंबईच्या विमानतळाला २००७ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि पहिले प्रवासी विमान २०२५ च्या नाताळात उडाले. मधल्या काळात उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीने वळण घेतले आणि गावेच्या गावे उठली. राजधानी देशाची असो की राज्याची, बैठकीच्या खोलीसाठी आधी कोणाचे तरी स्वयंपाकघर जाते.

बर्लिनचे प्रत्यक्ष काम सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाले. आता घर बांधणाऱ्या माणसापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे सगळे काम एकाच कॉन्ट्रॅक्टरला देऊन टाकणे आणि त्याच्या नावाने खडे फोडणे. दुसरा म्हणजे 'तो फार पैसे सांगतो, आपणच सुतार-लोहार-गवंडी वेगवेगळे आणू' असे म्हणून स्वतःच्या नावाने खडे फोडून घेणे. बर्लिनकरांनी आधी पहिला मार्ग चाचपला. आलेले आकडे ऐकून त्यांना घाम फुटला. मग त्यांनी कामाचे तुकडे पाडले, ते वेगवेगळ्या कंपन्यांना वाटले आणि देखरेख स्वतःकडे ठेवली. मीही नेमके तेच केले होते. त्यात मी अकरा हजार रुपये वाचवले आणि चौदा हजार रुपये घालवले.

त्यात भर पडली मालकांच्या हौसेची. भिंती वर चढत असताना आराखडे बदलत होते. प्रवासी वाढणार म्हणून इमारत मोठी करा, दुकाने वाढवा, राक्षसी आकाराच्या दुमजली विमानांसाठी सोय ठेवा. आमच्याकडे स्लॅब पडल्यावर सौभाग्यवतींना कोठीची खोली दुसऱ्या बाजूला हवीशी वाटली, तेव्हा नळाचा एक पाइप भिंतीतून निघून पुन्हा भिंतीत गेला. तो कुठून येतो नि कुठे जातो हे आजतागायत कोणी शोधू शकलेले नाही. एका पाइपाची ही कथा, तर हजारो केबलींची काय सांगावी? तिथे थंड वाहिन्या, गरम वाहिन्या, टेलिफोनच्या तारा आणि विजेच्या तारा एकमेकींच्या गळ्यात गळे घालून पडल्या. २०१० मध्ये आराखडे करणारी एक कंपनीच दिवाळखोरीत निघाली. तेव्हा आधी ठरलेली २०११ ची तारीख सोडून ३ जून २०१२ हा मुहूर्त पक्का झाला.

या मुहूर्ताची तयारी मात्र जर्मन पद्धतीने झाली. दोन तारखेच्या रात्री टेगेलवरचे सगळे सामान ट्रकांत भरून, रस्ते अडवून, एका रात्रीत नव्या जागी न्यायचे होते. उद्घाटनाचे आमंत्रण चॅन्सेलर अँगेला मर्केलबाईंना गेले होते. दुकानदारांनी माल भरला होता, माणसे नेमली होती. आचाऱ्याला पाने सांगून झाली होती म्हणा ना!

आणि घोडे अडले ते धुरावर.

या इमारतीचे मुख्य वास्तुकार माइनहार्ट फोन गेर्कान. मोठा माणूस, जुना टेगेल विमानतळही त्यांच्याच कंपनीने आखला होता. नव्या विमानतळाचे छप्पर मोठे सुरेख, सपाट आणि डौलदार होते. त्यावर धुराडी दिसू नयेत अशी योजना होती. म्हणून आग लागली तर मुख्य दालनातला धूर वर न सोडता खाली ओढायचा, जमिनीखालच्या वाहिन्यांतून फिरवायचा आणि मग बाहेर काढायचा, असा घाट घातला होता. त्यासाठी पंखे, झडपा, संगणक, तारा यांचे जे प्रचंड जंजाळ उभे राहिले त्याला तिथले लोकच 'राक्षस' म्हणू लागले. चाचणीत धुराला हा सगळा बेत पटला नाही. धूर जर्मन असला तरी धूरच. तो वर गेला.

हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. 'समोरून भोकं दिसतात' हे वाक्य जर्मन भाषेत कसे म्हणतात ते मला माहीत नाही. पण ते तिथे कोणीतरी उच्चारले असणार याबद्दल माझी खात्री आहे.

मग मुहूर्त साधण्यासाठी जो उपाय सुचवला गेला त्याला तोड नाही. आपोआप उघडणारे दरवाजे आपोआप उघडत नाहीत ना? मग शेकडो माणसे दारांपाशी बसवू. धूर दिसला की त्यांनी मोबाइलवर वर्दी द्यायची आणि हाताने दरवाजे उघडायचे. साधी गोष्ट! पण विमानतळाला वापराचा परवाना देण्याचा अधिकार तिथल्या जिल्ह्याच्या बांधकाम कचेरीकडे होता. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असते ना, फायलींच्या ढिगामागे चष्मा दिसतो, तशा दर्जाची एक लहान कचेरी. एका बाजूला देशाच्या चॅन्सेलर, दोन राज्यांचे मुख्यमंत्री आणि अब्जावधी युरो. दुसऱ्या बाजूला ही कचेरी. कचेरी म्हणाली, आग लागली तर लोक सुखरूप बाहेर पडतील हे दाखवा, मग कागद मिळेल. कागद मिळाला नाही. चार आठवडेही उरले नव्हते, तेव्हा सोहळा रद्द झाला.

सगळ्या जगाने बर्लिनची टिंगल केली. मीही केली, तिकिटांचे दुःख होते. पण धुरात सापडलेल्या माणसाला त्या कचेरीचे मोल वेगळे वाटते. आमच्या होमात फक्त डोळे चुरचुरले. त्या दालनात रोज हजारो माणसे, पोरेबाळे, म्हाताऱ्या आयाबाया वावरायच्या होत्या. जगातल्या कुठल्याशा जिल्ह्यात एक धोंडिबा खुर्चीवर बसला होता, आणि पत्रिका वाटून झाल्या असूनही त्याचे ऐकावे लागले. मला तर ही त्या देशाची नाचक्की न वाटता शोभाच वाटते.

असो. आम्ही पाच जूनला उतरलो ते जुन्या टेगेलवर. कोट घालूनच उतरलो. षट्कोनी इमारत, १९७४ सालची, आपल्या जुन्या एस. टी. स्टँडसारखी घरगुती. विमानातून बाहेर पाऊल टाकले की समोर सामान, सामानापलीकडे दार, दाराबाहेर टॅक्सी. सौभाग्यवती म्हणाली, "हे चांगलं चाललंय की. मग दुसरं कशाला बांधताहेत?" हाच प्रश्न २०१७ मध्ये बर्लिनच्या जनतेलाही पडला आणि सार्वमतात निम्म्याहून अधिक लोकांनी टेगेल चालू ठेवा असा कौल दिला. पण ते कोणी मनावर घेतले नाही. गर्दी मात्र खरोखरच अफाट होती. मूळच्या बेताच्या कितीतरी पट, २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख माणसे त्या षट्कोनातून गेली.

मंदारच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या होत्या. तोंडभर हसणाऱ्या, आणि आमच्यासाठी केक करून वाट पाहत बसलेल्या. आम्ही टेगेलवर उतरलो म्हटल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या आणि मंदारला काहीतरी भराभर सांगू लागल्या. मंदार भाषांतर करत होता.

"मामा, ह्या म्हणताहेत, टेगेल माझ्या आईनं बांधला."

मला वाटले, आई इंजिनिअर असेल. तशी नव्हती.

१९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. आत वीस लाखांवर माणसे अडकली. पीठ नाही, कोळसा नाही. अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांनी आकाशातून सगळे आणायचे ठरवले, पण उतरवायला होत्या त्या धावपट्ट्या पुरेनात. तेव्हा फ्रेंच विभागात, टेगेलच्या माळावर, नवी धावपट्टी बांधायला घेतली. ऑगस्टच्या सुरुवातीला काम सुरू झाले. यंत्रे मिळेनात, मोठी यंत्रे विमानात मावेनात म्हणून कापून, तुकडे आणून, पुन्हा सांधली. खडी नव्हती, पण बाँबहल्ल्यांत पडलेल्या घरांच्या विटा ढिगांनी होत्या. हजारो माणसे तीन पाळ्यांत राबली. त्यांत जवळजवळ निम्म्या बायका. कोणी जुन्या साड्यांसारखे चटेरीपटेरी फ्रॉक घालून, कोणी कचेरीतल्या उंच टाचांच्या बुटांनी. मजुरी होती आणि वर एक वेळचे गरम जेवण. नव्वद दिवसांत २४२८ मीटर लांबीची धावपट्टी तयार झाली. ५ नोव्हेंबर १९४८ ला पहिले विमान उतरले.

"आई तिथलं सूप अर्धंच खायची," मंदार सांगत होता. "उरलेलं डब्यात घालून आणायची. ह्या आणि ह्यांचा भाऊ दाराशी डब्याची वाट बघत बसायचे. तिचे हात विटांनी सोलले होते. पुढे कोणी विमानतळाचं कौतुक केलं की ती म्हणायची, मला काय त्याचं, मला पिठाचं पोतं उतरलेलं बघायचं होतं."

सौभाग्यवतीने आजीबाईंचा हात हातात घेतला. भाषेची अडचण अशा वेळी येत नाही. मी केकचा तुकडा उगाच बशीत फिरवत राहिलो.

त्या धावपट्टीची आणखी एक गोष्ट सांगतात. जवळच सोव्हिएतांच्या ताब्यातल्या रेडिओचे उंच मनोरे होते. ते विमानांच्या वाटेत येत. फ्रेंच सेनापती गानेव्हाल यांनी ते हलवा म्हणून कळवले. उत्तर आले नाही. डिसेंबरमध्ये एका सकाळी मनोरे सुरुंगाने कोसळले. सोव्हिएत सेनापती संतापून म्हणाले, तुम्ही हे करूच कसे शकलात? त्यावर गानेव्हाल म्हणाले म्हणे, 'डायनामाइटने.' तिथे परवान्याची वाट कोणी पाहिली नाही, हे खरे. पण तेव्हा रात्री झोपताना मुले उपाशी होती. आणि सोहळ्यासाठी घाई करणे वेगळे, पोतं उतरवण्यासाठी घाई करणे वेगळे. १९४९ च्या मे महिन्यात नाकेबंदी उठली. विमानांचा हा पुरवठा पुरता थांबेपर्यंत एकूण पावणेतीन लाखांच्या वर फेऱ्या झाल्या होत्या.

त्याच मुक्कामात मंदारने रात्री मोटारीने नेऊन नवा विमानतळ दुरून दाखवला. आत चिटपाखरू नव्हते, पण दिवे लखलखत होते. मी म्हटले, "आपल्या येण्याचं कळलं वाटतं." पुढच्या वर्षी खरे कारण प्रसिद्ध झाले: दिवे बंद कसे करायचे हेच सापडत नव्हते. नियंत्रणाची यंत्रणा अजून तितकी पुढे गेलेली नव्हती.

त्यानंतरची आठ वर्षे मंदार आम्हाला तिकडच्या बातम्या कळवत असे आणि आम्ही त्या रात्रीच्या जेवणाबरोबर खात असू. विमानतळाखालचे रेल्वे स्टेशन तयार होते, पण गाडीला प्रवासी कुठून आणायचे? तरी हवा खेळती राहावी, बुरशी येऊ नये म्हणून रिकामी गाडी तिथे जाऊन परत येई. समोरच्या हॉटेलात पाहुणे नव्हते. पण पाइपात पाणी सडू नये म्हणून नोकर खोल्याखोल्यांतून नळ सोडत हिंडत. आत साडेसातशे पडदे विमानांच्या वेळा दाखवायला लावले होते. ते सहा वर्षे चालू राहिले आणि एकाही प्रवाशाने न पाहता म्हातारे होऊन २०१८ मध्ये बदलावे लागले. एक सरकता जिना तोकडा पडला, तेव्हा खाली साध्या पायऱ्या जोडल्या. धुराच्या यंत्रणेच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते गृहस्थ इंजिनिअर नसून आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन होते, हे २०१४ मध्ये उघडकीला आले. सगळे त्यांना इंजिनिअर समजत आणि ते नाही म्हणत नसत. आमच्या बँकेत मला सगळे कवी समजत, तेव्हा मीही नाही म्हणत नसे. पण माझ्या कवितेत कोणी गुदमरायची भीती नव्हती. निदान फार काळ नव्हती.

उघडण्याच्या तारखा जाहीर होत आणि हुकत. मुख्य अधिकारी बदलले, वास्तुकारांची हकालपट्टी झाली. २०१६ मध्ये विमानतळाच्या प्रवक्त्याने एका मुलाखतीत सरळ सांगून टाकले की, उघडण्याच्या तारखेची हमी शुद्धीवर असलेला माणूस देणार नाही. सगळ्या प्रकरणात हे एक वाक्य निखालस खरे होते. त्याबद्दल त्यांची नोकरी गेली. हा भाग मला धुरापेक्षाही जास्त झोंबला. कारण धोंडिबा तिसऱ्यांदा 'धूर वरच जातो' म्हणाले होते तेव्हा मी त्यांना काय सांगितले होते? "उद्यापासून मागच्या कुंपणाचं काम बघा." नोकरी घेतली नाही, पण बैठकीच्या खोलीतून काढले होते.

सुरुवातीला २ अब्ज युरोंच्या आसपास धरलेला खर्च ६ अब्जांच्या घरात गेला. यंत्रणेचा तो 'राक्षस' तोडून त्याचे भाग करावे लागले, तारा उचकटून पुन्हा टाकाव्या लागल्या. हजारो स्वयंसेवकांनी खोटे प्रवासी बनून खोट्या बॅगा घेऊन तालमी केल्या. आणि अखेर ३१ ऑक्टोबर २०२० ला विमानतळ उघडला. दोन विमाने शेजारच्या दोन धावपट्ट्यांवर जोडीने उतरवायचा बेत होता; हवा खराब झाली म्हणून ती एकामागून एक उतरली. मेजवानी नाही, बँड नाही. साऱ्या जगात करोना पसरलेला, विमाने रिकामी. ज्या राजधानीला पाहुण्यांसाठी बैठकीची खोली हवी होती, तिची खोली तयार झाली तेव्हा कोणी कोणाकडे जात-येत नव्हते. आठच दिवसांनी टेगेलवरून शेवटचे विमान उडाले. ते पॅरिसला जाणारे फ्रेंच विमान होते. १९६० मध्ये तिथे पहिली नियमित प्रवासी सेवाही फ्रेंचांनीच सुरू केली होती. घरमालकीणबाई हे पाहायला उरल्या नव्हत्या.

आम्ही त्या नव्या विमानतळावर उतरलो ते २०२३ मध्ये. कोट आता बसत नव्हता. 'पहिला पुणेकर' ही पदवी तर केव्हाच कोणीतरी नेली होती. विमानतळ छान आहे, खोटे कशाला बोलू? अक्रोडी लाकडाची उंची कामे, ऐसपैस दालन, आणि छताखाली एक भले मोठे तांबडे जाळीदार वस्त्र तरंगते. 'जादूचा गालिचा' म्हणतात त्याला.

सौभाग्यवती दालनाच्या मधोमध सामानाची गाडी थांबवून वर बघत उभी राहिली. मला वाटले गालिचा बघतेय.

"बघ, केवढी कला आहे!" मी म्हणालो.

"ते राहू द्या हो," ती म्हणाली. "आता धूर कुठून जातो?"

मंदारला माहीत नव्हते. मलाही माहीत नव्हते. आमच्यामागे माणसे खोळंबली, तेव्हा आम्ही पुढे निघालो.

पुण्याला परत आल्यावर मी पहिल्याच सकाळी बैठकीच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. समोरच्या भिंतीत, वर, छताला लागून तो झरोका आहे. वास्तुशांतीनंतर महिन्याभराने धोंडिबांना बोलावून मीच तो पाडून घेतला होता. त्या दिवशी त्यांनी छिन्नी लावण्यापूर्वी इतकेच विचारले होते, "केवढा ठिऊ, सायेब?" बाकी अवाक्षर बोलले नाहीत. चहा घेतला, मजुरी घेतली आणि गेले. रस्त्यावरून झरोका अगदी स्पष्ट दिसतो. गेल्या चाळीस वर्षांत त्याच्याकडे पाहून एकही सायकल थबकलेली नाही.

हल्ली त्यात चिमण्या येतात. सौभाग्यवती म्हणते, कचरा करतात. पण ती झरोका बुजवू देत नाही.